झाकल्या मुठीचा निबंध

मागच्या वर्षी आमच्या मंडळाकडे एक इंग्रजी निबंध सल्ल्यासाठी आला. आम्ही तो वाचला, त्यावर दोन संध्याकाळी आपसांत बोललो आणि लिहिणाऱ्या मुलीला सांगितले, की हा विषय सोडून दे. हा सल्ला चुकीचा होता, असे आता आमचे मत झाले आहे. सल्ला चारचौघांत दिला होता, तेव्हा तो मागेही चारचौघांतच घेतला पाहिजे. हा लेख त्यासाठी आहे. तो वाचून काही वाचक रागावतील, हे आम्ही जाणतो. रागावून का होईना, शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

मुलगी आपल्यातल्याच एका जुन्या घरातली. पणजोबा वऱ्हाडातून बैलगाडीने पैनगंगा उतरून आले आणि उटनूरच्या बाजूला स्थिरावले, ही त्या घराची कथा आपल्यापैकी निम्म्या घरांची आहे. मुलगी हैदराबादला बारावीत होती आणि परदेशी विद्यापीठांत अर्ज करीत होती. तेथे गुणपत्रिकेबरोबर एक निबंधही द्यावा लागतो. अमेरिकेतील शेकडो महाविद्यालयांना चालणाऱ्या सामाईक अर्जात या निबंधाला साडेसहाशे शब्दांची मर्यादा आहे, आणि त्यातील एक प्रश्न असा, की एखाद्या समजुतीविषयी तुम्ही कधी शंका घेतलीत का, घेतली असल्यास कशामुळे आणि पुढे काय झाले. मुलीने हाच प्रश्न निवडला.

तिने लिहिले ते थोडक्यात असे. घरच्या पहाणीत पणजोबांचे नाव आहे, त्यांच्यानंतर आजोबांचे. परंतु ओढ्याकडच्या काळ्या वावराला गावात आजही एका गोंडाच्या नावाने ओळखतात. घरातली माणसेही सालदाराला सांगताना तेच नाव घेतात. लहानपणी तिने आजीला विचारले होते, की हा माणूस कोण. आजी म्हणाली, "असंल कोनी पयले." पुढे नववीत असताना तिला कळले, की त्या माणसाचा नातू दर साल त्याच वावरात कापूस वेचायला येतो. ते वावर घरात कसे आले, हे तिने तीन वडीलधाऱ्यांना विचारले आणि तिला तीन उत्तरे मिळाली : विकत घेतले, कर्जापोटी आले, पडीक होते म्हणून वाहिले. निबंधात तिने ही तिन्ही उत्तरे दिली होती. त्यांपैकी कोणते खरे हे आपल्याला ठाऊक नाही, पण आपले शिक्षण त्या वावराच्या कापसावर झाले हे ठाऊक आहे, एवढे म्हणून तिने निबंध संपवला होता.

आरडाओरड नव्हती, रडणे नव्हते, कोणाला चोर म्हटलेले नव्हते. तरीही घर हादरले. तिचे मोठे काका आमच्यासमोर तिला म्हणाले, "माय, हे लिहून तुला काय भेटणार? अन् आमचं काय होणार?" हैदराबादेतील ज्या सल्लागाराकडे तिचे नाव घातले होते, त्यानेही विषय बदलायला सांगितले. जमीन, जात, धर्म, राजकारण यांना हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. आम्हीही तीच री ओढली. आम्ही तिला दुसरा विषय सुचवला : तेलुगू राज्यात मराठी जपणारे कुटुंब. मुलीने मान खाली घालून तो निबंध लिहिला. तो चांगलाच उतरला आणि तिला प्रवेशही मिळाला.

मग बिघडले कुठे, असे कोणी विचारील. प्रवेश मिळाल्याने आमचा सल्ला बरोबर ठरला, असे मंडळातील काहींचे म्हणणे अजूनही आहे. परंतु जाण्यापूर्वी मुलगी निरोप घ्यायला आली, तेव्हा तिने एक प्रश्न विचारला. "तुम्ही दरवर्षी निबंधस्पर्धेच्या पत्रकावर 'निर्भीड लेखन' असे छापता. ते कोणासाठी असते?" आम्ही हसून वेळ मारून नेली. या लेखात उत्तर द्यायचे आहे ते त्या प्रश्नाचे.

पहिली गोष्ट आम्ही सुचवलेल्या विषयाची. मराठी जपणारे कुटुंब हा विषय खोटा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले. आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले आणि आपण अलीकडे राहिलो. नदीपलीकडे सोयरे, अलीकडे शेती, अशी आपली स्थिती झाली. मराठी शाळा कमी होत गेल्या, कचेरीतील कागद आधी उर्दूत होते ते तेलुगूत आले, आणि २०१४ मध्ये राज्याचे नाव बदलले तरी आपले अल्पसंख्यपण बदलले नाही. हे दुःख खरे आहे आणि या पत्रिकेच्या जवळजवळ प्रत्येक अंकात ते छापून येते. पण यात धोका कसला? हे लिहिल्याने आपल्या घरात कोणाची झोप उडते? ज्या इतिहासात आपल्यावर अन्याय झाला तो आपल्याला तोंडपाठ आहे. ज्यात आपला हात वर होता तो मात्र "असंल कोनी पयले" एवढ्यावर संपतो. आम्ही त्या मुलीला विषय बदलायला सांगितले, म्हणजे खरे पाहता इतिहासाचा सोयीचा अर्धा भाग लिहायला सांगितले.

मग तो दुसरा अर्धा भाग काय आहे? तो गुप्त नाही, पुस्तकांत छापलेला आहे. निजामाच्या राजवटीत पडीक जमीन वहितीखाली यावी, महसूल वाढावा म्हणून बाहेरून येणाऱ्या कुणब्यांना पट्टे दिले गेले. आपले पूर्वज त्या धोरणाने आले. त्यांनी रान तोडले, हिवतापाने माणसे गमावली, विहिरी खणल्या. ते कष्ट कोणी नाकारीत नाही. परंतु ते रान रिकामे नव्हते. गोंड आणि कोलाम तेथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत होते. एक जमीन काही वर्षे कसून ती विसाव्याला सोडायची आणि दुसरी धरायची, ही त्यांची रीत. कागदाच्या दृष्टीने विसाव्याची जमीन म्हणजे पडीक जमीन. ज्याला तहसिलीतील कागद कळत होता त्याच्या नावाने पट्टा झाला. ज्याला कळत नव्हता तो आपल्याच शेतावर बटईदार झाला आणि पुढे मजूर. दुसऱ्या बाजूने सरकारने जंगल राखीव केले आणि गोंडांच्या वस्त्या उठवल्या. याच कोंडीत कुमरम भीमाचा उठाव झाला आणि १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात तो पोलिसांच्या गोळीने मारला गेला.

त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे आदिवासी भागाची पाहणी सोपवली. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालांत आणि १९८२ साली आलेल्या 'ट्राइब्ज ऑफ इंडिया' या ग्रंथात आपल्या जिल्ह्यातील जमिनी गोंडांच्या हातून कशा गेल्या याची वर्णने आहेत. त्यात व्यापारी आहेत, सावकार आहेत, अंमलदार आहेत आणि नांगर घेऊन आलेले आपणही आहोत. आपल्या वाचनालयांत हैदराबाद मुक्तिसंग्रामावरची पुस्तके रांगेने लावलेली असतात. हा ग्रंथ किती ठिकाणी आहे, हे ज्याने त्याने आपल्या गावी जाऊन पाहावे.

याच हायमेनडॉर्फच्या प्रयत्नाने १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. तेथे गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके तयार झाली, ती देवनागरी लिपीत. म्हणजे आपल्या शेजाऱ्यांच्या मुलांनी आपल्या भाषेची अक्षरे गिरवली, आपल्याच अक्षरांत. आपण त्या अक्षरांचा अभिमान बाळगतो. पण त्याच अक्षरांत त्यांच्याविषयी आपण काय लिहिले? आमच्या मंडळाचे जुने अंक आम्ही या लेखासाठी चाळले. नागोबाच्या जत्रेवर रंगीत वर्णने सापडली, गुसाडी नृत्यावर कौतुकाचे लेख सापडले. जमिनीवर एक ओळ सापडली नाही. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमिनीच्या पट्ट्यांसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा, लोक त्याहून कितीतरी अधिक सांगतात. आपल्यापैकी अनेकांची घरे त्या जागेपासून तासाभराच्या अंतरावर. तरी त्या वर्षीच्या आमच्या चारही अंकांत त्याविषयी अवाक्षर नाही. ही मूठ आम्ही इतकी घट्ट झाकली, की आत काय आहे हे आमच्याच मुलांना कळू दिले नाही.

आता आक्षेपांकडे वळू. ते पाच आहेत आणि एकही फुसका नाही.

पहिला आक्षेप : असा विषय घेतला तर प्रवेश हुकेल. अर्ज तपासणारा माणूस कोण, कोणत्या मताचा, हे कोणास ठाऊक? हे खरे आहे. परंतु असा धोका मराठी माणसाने पहिल्यांदाच पत्करायचा आहे काय? आनंदीबाई जोशींनी १८८३ च्या जून महिन्यात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. वय अठरा. त्या पत्रात त्यांनी स्पष्ट सांगितले, की आपण स्नेह्यांचा आणि जातीचा विरोध पत्करून आलो आहोत, आणि आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पसंत करतात. आजच्या सल्लागाराला हे पत्र दाखवले असते तर त्याने दोन्ही वाक्ये काढायला लावली असती. घरचा विरोध सांगितला तर विद्यार्थिनी मध्येच शिक्षण सोडील असे वाटेल आणि देशाची उणीव सांगितली तर देशाची बदनामी होईल, असे तो म्हणाला असता. आनंदीबाईंनी ती वाक्ये ठेवली, कारण त्यांच्या अर्जाचे कारणच तेथे होते. ती काढली असती तर उरले असते ते कोणाही मुलीचे विनंतीपत्र.

दुसरे असे, की सुरक्षित निबंधही आता सुरक्षित राहिलेला नाही. खेळात पडलो आणि उठलो, आजारी आजीची सेवा केली, विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळाले, हे निबंध सल्लागार साच्यातून काढतात, आणि आता संगणकही ते अर्ध्या मिनिटात काढून देतो. ज्या निबंधात लिहिणाऱ्याखेरीज कोणालाही ठाऊक नसलेले एकही वाक्य नाही, तो वाचणाऱ्याने का लक्षात ठेवावा? ओढ्याकडच्या वावराचे नाव कोणत्याही यंत्राला ठाऊक नव्हते.

दुसरा आक्षेप : विषय धोक्याचा घेतला की निबंध चांगला होतो, ही आजची टूम आहे. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत एका विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अर्जात, तुम्हाला कशाचे महत्त्व वाटते आणि का, या प्रश्नाला कृष्णवर्णीयांच्या चळवळीची एकच घोषणा शंभर वेळा लिहून उत्तर दिले. त्याला प्रवेश मिळाला आणि जगभर गाजावाजा झाला. त्या विद्यार्थ्याच्या निष्ठेविषयी आम्हाला शंका नाही. पण घोषणा शंभर वेळा लिहिल्याने 'का' या शब्दाचे उत्तर मिळत नाही. धाडस विषयात नसते. जे सांगितल्यावर आपल्याला काही गमवावे लागेल ते सांगण्यात ते असते. ज्या घोषणेला आपल्या भोवतालचे सगळे टाळ्या वाजवणार आहेत ती कितीही कडक असली तरी तो धोक्याचा विषय नव्हे. आमच्या मुलीचा निबंध हळू आवाजातला होता, पण घरातले कोणी टाळ्या वाजवणार नव्हते.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि काकांच्या मनात खरी भीती तीच होती. अनुसूचित क्षेत्रातील जमीन हस्तांतराचा विनियम १९५९ चा. तेलंगणात तो १९६३ मध्ये लागू झाला आणि १९७० च्या पहिल्या विनियमाने कडक करण्यात आला. 'वन ऑफ सेवंटी' या नावाने तो आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याचे एक कलम असे, की अनुसूचित क्षेत्रात बिगरआदिवासीच्या ताब्यात असलेली जमीन ही आदिवासीकडूनच आलेली आहे असे धरले जाईल, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार ताबेदारावर राहील. असे असताना मुलीने स्वतःच्या हाताने लिहून द्यावे काय? आमचे म्हणणे असे : ज्या घराचा दावा कोर्टात किंवा उटनूरच्या कचेरीत चालू आहे, त्या घराच्या मुलाने वकिलाला विचारल्याशिवाय काही लिहू नये, आणि सर्व्हे नंबर तर कोणीच लिहू नये. परंतु बाकीच्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की कायद्याने जे गृहीत धरलेलेच आहे ते साडेसहाशे शब्दांच्या निबंधाने नव्याने उघड होत नाही. महसूल दप्तरात जे आहे ते आहे. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. शिवाय जिल्ह्यातील सगळी जमीन अनुसूचित क्षेत्रात नाही, आणि आपली सगळी घरेही लुबाडणुकीवर उभी नाहीत. ज्याचा व्यवहार स्वच्छ आहे त्याला तर लिहायला अडचणच नसावी. मग त्याची मुलेही गप्प का?

चौथा आक्षेप : घरची धुणी चव्हाट्यावर का? परक्यांना काय कळणार? आपल्या कष्टांची त्यांना कल्पना नाही, ते आपल्याला फक्त लुटारू समजतील. या आक्षेपात तथ्य आहे आणि वेदनाही आहे. परंतु तो करणाऱ्यांना आम्ही विचारतो, की चव्हाट्यावर नको तर कोठे? घरात विचारले तर उत्तर मिळाले नाही. मंडळात आणले तर आम्ही विषय बदलला. ज्या प्रश्नाला घरात जागा नाही, गावात नाही, पत्रिकेत नाही, तो शेवटी परक्याच्या अर्जात गेला, यात दोष मुलीचा की आपला? ताकाला जाऊन भांडे आपण लपवले आणि भांडे दाखवणाऱ्या पोरीला आपण उद्धट म्हटले.

पाचवा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो आमच्यापैकी एका शिक्षकाने घेतला. ते म्हणाले, की जमीन गोंडाची गेली, त्यावर कापूस आपण पिकवला, त्या पैशावर मुलगी शिकली, आणि आता त्याच गोंडाची कहाणी सांगून ती परदेशी विद्यापीठात जागा मिळवणार. म्हणजे आधी वावर घेतले, आता दुःखही घेतले. हा आक्षेप ऐकून आम्ही गप्प झालो आणि मुलीला विषय सोडायला सांगताना मनातल्या मनात याच आक्षेपाचा आधार घेतला. आज वाटते, की हा आक्षेप खरा आहे, पण त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे. त्यावरून एवढेच सिद्ध होते, की असा निबंध कसाही लिहून चालणार नाही. लिहूच नये, हे त्यावरून सिद्ध होत नाही. गप्प बसल्याने दुःख परत जात नाही आणि वावरही परत जात नाही.

येथे दुसरे एक उदाहरण ध्यानात घ्यावे. १८५५ साली पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग आणि महार यांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मराठीतील विद्यार्थ्याच्या निबंधाचा विषय निघाला, की आपण अभिमानाने हे नाव घेतो. परंतु तिने सोसणाऱ्यांच्या बाजूने लिहिले. ती त्यांतलीच होती, म्हणून तो शब्द तिचा होता. आमच्या मुलीला हा अधिकार नाही. तिचा शब्द निराळा असला पाहिजे. तिने गोंडांचे दुःख सांगायचे नाही, ते सांगायला गोंडांची लिहिती मुले समर्थ आहेत. तिने आपल्या घराची समजूत सांगायची : कोणती गोष्ट सांगितली गेली, कोणती गाळली गेली, आणि कोणत्या दिवशी तिला ते कळले. उसने अश्रू नकोत, घरचा हिशेब हवा. पहिल्या मसुद्यात तिने नेमके हेच केले होते. ते ओळखण्याइतकीही दृष्टी आम्ही तेव्हा ठेवली नाही.

अमेरिकेत या प्रश्नावर अलीकडे मोठा वाद झाला. २९ जून २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंश विचारात घेण्याची हार्वर्डसारख्या विद्यापीठांची पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्याच निकालपत्रात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी नमूद केले, की वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने निबंधात सांगितले तर ते विचारात घेण्यास मनाई नाही. तेव्हापासून कोणी आपल्याविषयी किती सांगावे, सोसलेले किती मांडावे, याची तेथे चर्चा चालू आहे. परिणाम असा, की जो तो आपल्या जखमा शोधू लागला आहे. ज्याच्या घराने सोसलेले नाही त्यानेही थोडेफार सोसल्यासारखे लिहावे, असा मोह होतो. आम्ही सुचवलेला मराठी जपण्याचा निबंध या मोहाला किती जवळचा होता, हे आता लक्षात येते. आम्ही एका जमीनदार घराच्या मुलीला पीडित व्हायला शिकवले. ती स्वतःला वारस म्हणवून घ्यायला तयार होती.

तेव्हा आमचे मत असे. ज्या मुलाला किंवा मुलीला असा विषय घ्यावासा वाटतो, त्याला वडीलधाऱ्यांनी अडवू नये. मात्र त्याने एक कसोटी लावावी : जे इंग्रजीत परक्याला पाठवायचे ते आधी मराठीत घरच्यांना वाचून दाखवावे. आनंदीबाईंनी हेच केले. अमेरिकेला पत्र लिहिण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी त्या श्रीरामपूरच्या महाविद्यालयात सभेपुढे उभ्या राहिल्या आणि आपण का जात आहोत हे त्यांनी आपल्या देशबांधवांच्या तोंडावर सांगितले. परक्याला सांगितले ते त्यांनी आधी आपल्यांना सांगितले होते. म्हणून त्या पत्रात चुगली नाही. जो निबंध आजीसमोर वाचता येत नाही तो पाठवू नये. पण आजीने ऐकायला नकार दिला तर तो दोष निबंधाचा नाही, हेही मान्य करावे. शक्य असेल तर तो निबंध त्या वावराचे नाव ज्याच्या घराण्याचे आहे त्यालाही ऐकवावा. हे सर्वांत अवघड आहे. हे ज्याला जमेल त्याला प्रवेश मिळो वा न मिळो, त्याचे शिक्षण झाले असे आम्ही समजू.

आणि वडीलधाऱ्यांनी काय करावे? मुलांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. वावर विकत घेतले असेल तर किती रुपयांना, ते सांगावे. कर्जापोटी आले असेल तर कर्ज किती होते आणि धान्याची दिढी किती लावली होती, ते सांगावे. वाहून वाहून आपले झाले असेल तर तसे सांगावे. ज्या पिढीला हे ठाऊक होते तिच्यातील मोजकीच माणसे आता उरली आहेत. ती गेली, की मुलांना तीन उत्तरेही मिळणार नाहीत.

मंडळ म्हणून आम्ही एवढे करणार आहोत. पुढील वर्षीच्या निबंधस्पर्धेचा विषय आम्ही 'आमच्या घरची जमीन' असा ठेवत आहोत. निबंध मराठीत असावा. लेखकाचे, गावाचे आणि शेताचे नाव छापले जाणार नाही. परीक्षकांत उटनूर भागातील एक गोंड शिक्षक असावेत, असा आमचा प्रयत्न राहील. एकही निबंध आला नाही तर तेही आम्ही छापू, पान कोरे ठेवून. ज्यांना ही स्पर्धा पसंत नाही त्यांनी आम्हाला पत्र लिहावे, तेही छापले जाईल.

त्या मुलीला आम्ही पत्र पाठवले आहे आणि पहिला मसुदा परत मागितला आहे. तिने तो जपून ठेवला असेल की नाही, ठाऊक नाही. ठेवला असेल आणि तिची इच्छा असेल, तर तो याच पत्रिकेत येईल, तिने लिहिला तसा, तीनही उत्तरांसह. काकांची परवानगी आम्ही मागितली आहे. अद्याप त्यांनी होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. गेल्या बैठकीला ते आले होते. बराच वेळ गप्प होते. उठताना एवढेच म्हणाले, "त्या मानसाच्या बापाला मी पाह्यलं होतं. सांगीन कधी तरी."

आम्ही वाट पाहत आहोत.